मरणाच्या स्वप्नाला पेलाभर दूध

आमच्या घरात एक रीत होती. कुणाला स्वप्नात आपलं मरण दिसलं, की त्या दिवशीच्या पहिल्या धारेचा पेला त्याचा. बाकी सगळ्यांना चहा. पाव्हणा असो नाहीतर तालुक्याचा साहेब, चहाच. पण स्वप्नात मेलेल्या माणसाला फेस आलेलं कोमट दूध, तेही खुद्द सासऱ्यांच्या हातून. स्वप्नात मेलेल्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडं शाळेतल्या पाढ्यांइतकं पक्कं होतं.

मी कबनूरची. माहेरी घरातच चार माग होते आणि त्यांच्या खडखडाटात झोपून मी मोठी झाले. आम्हाला जाग यायची ती वीज जाऊन माग थांबले की. लग्न होऊन कसबा बावड्यात आले तेव्हा इथली शांतता मला सोसवेना. तिसऱ्याच दिवशी स्वप्न पडलं, मी मेले आहे आणि माहेरची माणसं माझ्या अंगावर सुताच्या लडी रचताहेत. सकाळी उठून गोठ्यामागं रडत बसले. सासरे धार काढायला आले, त्यांनी विचारलं, मी घाबरत घाबरत सांगितलं, तर ते हसत सुटले. "आगं, वाढलं की तुझं आयुष्य," म्हणाले आणि पेला भरून हातात दिला. नव्या घरात मला मिळालेली ती पहिली माया. म्हणून त्या पेल्याला मी नावं ठेवणार नाही. चूक आम्ही पुढं केली.

माझा दीर, म्हणजे आमचे भावजी, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. लोखंडी पेटीत काळी वाळू भरायची, ठोकून ठोकून घट्ट करायची, तिच्यात साचा उमटवायचा, मग त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. घरी यायचे तेव्हा नाकाच्या शेंड्यापर्यंत काळे. मी म्हणायची, "भावजी, म्हशीशेजारी हुबं राहू नका, धार कुणाची काढायची त्ये कळत न्हाय." ते म्हणायचे, "वहिनी, लाथ मारंल ती म्हस. एवढं ध्यानात ठेवा." असं आमचं दिवसभर चालायचं.

चौतीस वर्षं झाली तरी त्यांचं लग्न जमलं नव्हतं. बघण्याचे कार्यक्रम भरपूर झाले. मुलींना पुण्याचा नवरा हवा, फौंड्रीतला आणि वर तीन म्हशींचा कुणाला नको. नकार आला की भावजी म्हणायचे, "पोहे बरे हुते," आणि आम्ही हसायचो. आता वाटतं, जरा जास्तच हसायचो.

पाडव्याला मात्र भावजी म्हणजे राजा. दिवाळी पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. मालक मोटरसायकल फटफटवत पुढं, आणि मागून त्याची म्हैस, मोकळी, दाव्याशिवाय, दोन्ही बाजूंच्या गर्दीतून. तयारी आठ दिवस चालते. अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, डोक्याला मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ. आमची थोरली म्हैस रेडकू असल्यापासून भावजींनी वाढवलेली. त्यांच्या गाडीचा आवाज ती दोन गल्ल्यांवरून ओळखायची आणि गोठ्यात उठून उभी राहायची. माझ्या नवऱ्याच्या मागं ती कधी चार पावलं गेली नाही. नवऱ्याच्या मागं मीही फारशी पळालेली नाही, तेव्हा तिला काय बोलणार!

गेल्या वर्षी नागपंचमीच्या सुमाराला भावजी एका सकाळी गोठ्यात आले आणि म्हणाले, "काल मेलो की, वहिनी."

"कसं काय?" मी शेण भरत विचारलं.

"आमच्याच पेटीत मला झोपिवलंय. वरनं वाळू ठोकाय लागल्यात. मी वरडतोय, कुणालाच ऐकू जात न्हाय. आन् ठोकणारा बी मीच."

सासऱ्यांनी पेला भरला. भावजींनी तो उभ्याउभ्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि कामावर गेले. चार दिवसांनी पुन्हा तेच स्वप्न, पुन्हा पेला. मग एक दिवसाआड. सासरे म्हणायचे, ह्यो गडी माझ्या नातवाच्या नातवाला खेळीवणार. मी म्हणायची, आधी नवरी तर बघू द्या. माझी मुलगी आठवीत आहे, ती म्हणाली, काकांचं आयुष्य शंभरच्या वर गेलं, आता त्यांनी थोडं कुणालातरी द्यावं. घर खदखदून हसायचं. माझं हसू सगळ्यात मोठं असतं, गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. त्या महिन्यातलं ते हसू आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

गणपती आले आणि भावजींनी स्वप्न सांगायचं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "आता पडत न्हाय." नवरा म्हणाला, "टाकी फुल्ल झाली वाटतं." आम्ही तेवढ्यावर विषय सोडला. माणूस कामावर जात होता, जेवत होता, म्हशी धूत होता. अजून काय बघायचं असतं?

गणपती गेल्यावर एका रविवारी ते म्हणाले, "वहिनी, यंदा म्हस तुमी पळवायची."

मला आधी थट्टाच वाटली. मी बेचाळीस वर्षांची, डेअरीला दूध घालायला स्कूटर चालवते तेवढीच. बायका म्हैस पळवत नाहीत असा काही नियम नाही, पण आमच्या गल्लीत कुणी पळवलेली नव्हती. भावजी म्हणाले, "पळवत न्हाईत म्हणूनच पळवायची." ह्या वाक्यावर मी फसले. मला कुणी हे करून दाखव म्हटलं की मी वेडी होते. पुढचे पंधरा दिवस मी आणि ती म्हैस, दोघी भावजींच्या शाळेत गेलो.

काय काय करायला लावलं त्यांनी! आधी धार मीच काढायची, वैरण मीच टाकायची, पेंड माझ्याच हातनं. मग त्यांचा घामट शर्ट साडीवरून घालून तिच्यापुढून फिरायचं. मग मळ्याच्या वाटेवर स्कूटर सुरू करायची आणि तोंडानं त्यांच्यासारखा आवाज काढायचा, म्हणजे जीभ टाळूला लावून तो एक खास चकचकाट. मला तो जमेना. म्हैस जागेवर उभी राहून माझ्याकडं बघायची, लग्नाला आलेल्या थोरल्या जावेनं धाकटीच्या हातची बासुंदी बघावी तशी. भांगलणीला निघालेल्या बायका थांबून सल्ले द्यायच्या. एकदा ती पळाली, पण उलट्या दिशेनं, आणि एका माणसाच्या कोथिंबिरीत जाऊन बसली. भावजी बांधावर बसून पोट धरून हसले. त्यांना हसताना बघून मला इतकं बरं वाटलं, की मी मुद्दाम चार चुका जास्त केल्या.

आणि मग एका सकाळी ती आली. मी स्कूटर काढली, चकचक केलं, मागं बघायचं नाही असं भावजींनी बजावलं होतं म्हणून बघितलं नाही. पण खुरांचा आवाज ऐकू आला, आधी लांब, मग अगदी पाठीशी, आणि तिचा श्वास. एवढं मोठं काळं जनावर कुठलीही दोरी नसताना माझ्या मागं पळत होतं. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. वाटेच्या टोकाला वळून परत आले, ती माझ्याबरोबर वळली. बांधापाशी स्कूटर थांबवली तेव्हा माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं. जन्मात मला इतकं कुणी मानलं नव्हतं.

भावजी बांधावरच बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, "बरं झालं. आता हिची काळजी न्हाय."

वाक्य साधं होतं. पण ते म्हणण्याची तऱ्हा आनंदाची नव्हती. कुणी लांबच्या गावाला जाताना किल्ली शेजारी देऊन जातो, तशी होती. मी त्यांच्याकडं नीट बघितलं. पंधरा दिवस मी म्हशीकडंच बघत होते. डोळे आत गेलेले, डोळ्यांखाली काळं, आणि ते काळं वाळूचं नव्हतं, कारण त्या दिवशी सुट्टी होती.

"भावजी, तुमी झोपला न्हाईसा व्हय?"

"झोपलं की त्येच हाय की. म्हणून झोपत न्हाय. पडून ऱ्हातो."

"स्वप्न बंद झालं म्हणालासा."

"सांगून काय हुतंय, वहिनी? पेला मिळतोय."

ते रागानं बोलले नाहीत. मला कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळं गाव सांगतं, माझी आईसुद्धा सांगायची. त्या दिवशी ते कामाला आलं. मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि सरळ विचारलं, "भावजी, मरायचं मनात येतंय का?"

म्हैस माझा पदर चावत होती, मी चावू दिला.

"व्हय," ते म्हणाले. "रोज. पाडवा हू दे म्हटलं. तवर ती तुमच्या मागं पळाय लागंल."

म्हणजे मी इतके दिवस जी शाळा शिकत होते, ती ह्याची होती. माझ्या प्रत्येक यशाबरोबर ह्या माणसाचं एकेक काम संपत होतं, आणि मी मुद्दाम चुका केल्या त्या दिवसांनीच त्यांना थोडं अडवून धरलं होतं. मला भयंकर राग आला. त्यांचा, माझा, त्या पेल्याचा, पोह्यांचा. मी त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मी म्हटलं, "आत्ता माझ्याबरूबर दवाखान्यात यायचं. म्हस हितं बांधा. आन् न्हाय म्हणालासा तर मी हितंच वरडंन, आन् माझा आवाज तुमास्नी म्हाईत हाय."

ते किंचित हसले. "म्हाईत हाय की," म्हणाले, आणि उठले.

नवऱ्याला फोन केला, तो धावत आला. सासरेही हट्टानं रिक्षात बसले. शहरातल्या मनाच्या आजारांच्या एका डॉक्टरबाईंनी आधी भावजींना एकट्याला आत घेतलं, तासभर तरी. मग आम्हाला बोलावलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी विचारलं, आज कुणी विचारलं ह्यांना? मी म्हटलं, मी. "चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला भीती वाटत होती, विचारलं तर नसलेलं मनात भरेल. त्या म्हणाल्या, विचारल्यानं असं काही मनात भरत नाही. उलट ज्याच्या मनात ते असतं, त्याला एकट्यानं धरून बसावं लागत नाही.

स्वप्नांचंही त्यांनी समजावलं. वाईट स्वप्न सगळ्यांनाच पडतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण तेच स्वप्न पुन्हा पुन्हा यायला लागलं, माणूस झोपेलाच भ्यायला लागला, जागून जागून सुकायला लागला, तर ती धोक्याची खूण समजायची आणि तेव्हाच विचारायचं, दिवसा कसं वाटतंय, मरणाचे विचार येतात का. आधीच खचलेल्या माणसाची झोप पण अशी मोडली तर धोका आणखी वाढतो, असं त्या म्हणाल्या.

सासरे इतका वेळ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले, "बाई, आमच्यात म्हणत्यात, स्वप्नात मेलं की आयुष्य वाढतंय. मी त्येला रोज दूध देत हुतो." एवढं बोलून ते रडायला लागले. साखर कारखान्यात अख्खी नोकरी बॉयलरपुढं काढलेला माणूस, मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. भावजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "दूध द्या की," म्हणाल्या, "पण ते पिईपर्यंत शेजारी बसा आणि पुढचं विचारा."

पुढचे काही आठवडे भावजींना आम्ही एकटं सोडलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला डॉक्टरबाईंकडं जाणं सुरू झालं, फौंड्रीतल्या सुपरवायझरनं मधूनमधून येणारी रात्रपाळी काढून कायमची दिवसपाळी दिली. आणि एक मजेशीर गृहपाठ मिळाला. रोज दिवसाउजेडी वहीत ते स्वप्न लिहायचं, पण शेवट बदलून. शेवट आपल्याला हवा तो, कितीही येडा चालेल, आणि तो डोळे मिटून रोज थोडा वेळ डोळ्यांपुढं आणायचा.

झालं, घराला काम मिळालं. ओसरीवर बसून प्रत्येकजण शेवट सुचवायला लागला. मुलगी म्हणाली, पेटीला आतून कडी असावी. नवरा म्हणाला, लाईट जावी आणि शिफ्ट सुटावी. सासरे म्हणाले, तिथं मी यावं आणि सुपरवायझरला हाणावं. मी म्हटलं, पेटीतून नवरी निघावी. भावजी म्हणाले, "पेटीत मी एकटाच मावत न्हाय, नवरी कुठनं घालताय?" आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी कुणाला हसवण्यासाठी नाही, तर हसू आलं म्हणून हसलेलं मी बघितलं. शेवटी डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं शेवट त्यांनी स्वतःच ठरवला. पेटी ठोकली जात असते, तेवढ्यात फौंड्रीच्या दारातून थोरली म्हैस आत येते आणि पेटीवर बसते. तिचं वजन न सोसून पेटी फुटते. मुलीनं त्याचं चित्रसुद्धा काढून दिलं, त्यात म्हैस फार गोंडस आली आहे.

स्वप्न एका दिवसात गेलं नाही. आधी आठवड्याला तीनदा, मग एकदा. एका सकाळी ते म्हणाले, "म्हस आली. पण दारातच शेण टाकून गेली." आम्ही त्या दिवशी गल्लीभर ऐकू जाईल असं हसलो, आणि ह्या वेळी त्या हसण्याची मला लाज वाटली नाही.

पाडवा आला तेव्हा नवा पेच पडला. म्हैस आता कुणाची? भावजींनी मोटरसायकल सुरू केली, ती चार पावलं त्यांच्यामागं गेली, मग थांबली, आणि गर्दीत ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं आली. शिंगं गुलाबी, गळ्यात कवड्या, पाठीवर कातरलेली नक्षी, आणि चेहऱ्यावर भलताच गोंधळ. लोक शिट्ट्या मारायला लागले. ती परत त्यांच्याकडं गेली, परत माझ्याकडं आली. शेवटी भावजी ओरडले, "बसा मागं!" मी ताट सासऱ्यांच्या हातात दिलं, काठापदराची साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि मोटरसायकलवर बसले. आणि म्हैस सुटली. चौकातून, फटाक्यांच्या धुरातून, दोन्ही बाजूंच्या आरोळ्यांतून ती आमच्या मागं जी आली, ती थेट पुढच्या देवळापर्यंत. मी मागं बघायचं नाही हा नियम मोडला. भावजी पुढं बघून काहीतरी गात होते, सूर अजिबात नव्हता.

आता सगळं छान झालं, असं मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत. मधे एक आठवडा पुन्हा वाईट गेला, तेव्हा आम्ही लगेच दवाखाना गाठला. मी दर दोन-तीन दिवसांनी धार काढताना विचारते, झोप लागली का, आणि मनात तसलं येतंय का. पहिल्यांदा विचारताना जीभ जड व्हायची, आता मी ते वैरण टाकली का इतक्या सहज विचारते, आणि ते तितक्याच सहज उत्तर देतात. कधी "न्हाय," कधी "आलतं, पण गेलं," कधी "आलंय, बसा जरा." मग मी बसते.

ह्या उन्हाळ्यात एका सकाळी मी विचारलं, त्यांनी "न्हाय" सांगितलं, आणि बादली उचलता उचलता थांबून म्हणाले, "आन् तुमास्नी, वहिनी? तुमास्नी काय पडतंय?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी माग थांबल्यावर जागी होणारी बाई, मला कसली स्वप्नं, असं मीही धरून चालले होते. सांगणार नव्हते, पण तोंडातून गेलं. स्वप्नात मी मळ्याच्या वाटेनं स्कूटरवरून येते, म्हैस माझ्या मागं पळत असते, मी आनंदानं ओरडत वळून बघते, आणि बांधावर कुणी नसतं.

"कवापासनं?"

"पाडव्यापासनं. आठ-पंधरा दिवसांनी एकदा."

ते हसले नाहीत. बादली खाली ठेवली, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि मी त्यांना विचारते तसंच सगळं एकेक करून मला विचारलं. झोप मोडल्यावर परत लागते का. दिवसा जड वाटतं का. मनात तसलं काही. मी म्हटलं, न्हाय भावजी, तसलं काय न्हाय, नुसती भीती हाय. तरी ते उठले नाहीत. मी रडले, चांगली भरपूर रडले, आणि ते तिथंच बसून राहिले, कामावर जायला उशीर होत होता तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चूळ भरून व्हायच्या आत त्यांनी पुन्हा विचारलं.